गाडी हौसेची, टायर काटकसरीचे?

वाङ्मय मंडळाच्या अंकात टायरवर लेख येतोय हे ऐकून आमच्या संपादक मंडळींच्या भुवया जरा वर गेल्याच. पण आपल्या अंकात दरवर्षी पाऊस असतो, प्रवास असतो, तरुणाई आणि तिचा वेगही असतो. हे सगळं ज्या रबराच्या चार तुकड्यांवर उभं असतं, त्यांच्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते. प्रश्न साधा आहे: वेगासाठी, ताकदीसाठी, म्हणजे ‘स्पोर्ट्स’ म्हणून घेतलेल्या गाडीला स्वस्तातले टायर लावणं शहाणपणाचं आहे का? माझं उत्तर आधीच सांगून टाकते: नाही. पण त्या ‘नाही’च्या मागे दोन-चार ‘पण’ आहेत, आणि ते नीट समजून घेतले नाहीत तर हा लेख महाग टायरची जाहिरात वाटेल. तसं होऊ नये म्हणून थोडं सविस्तर.

मी सिल्वासाची. आमच्याकडे बरेच जण अजून ‘सेलवास’च म्हणतात. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामध्ये चिमटीत धरल्यासारखा हा प्रदेश. १९५४ मध्ये पोर्तुगीजांपासून सुटला, १९६१ मध्ये भारतात रीतसर सामील झाला आणि २०२० पासून दमण-दीवशी जोडला गेला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग हाकेच्या अंतरावर, एका बाजूला वापी, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या रांगा, आणि खानवेलच्या पुढे डोंगर, वळणं आणि मधुबन धरणाचं पाणी. आमच्या प्रदेशाची गाड्यांच्या बाबतीत एक जुनी ओळख आहे. रस्ता कर शेजारच्या राज्यांपेक्षा कमी, त्यामुळे दमणच्या आणि आमच्या ‘डीएन ०९’च्या पाट्या लावलेल्या महागड्या गाड्या तुम्हाला मुंबईत नाहीतर सुरतेत दिसल्या असतील. त्या गाड्यांनी सिल्वासाचा रस्ता किती वेळा पाहिला असेल, हा संशोधनाचा विषय आहे. करात लाखो वाचवणारी माणसं टायरातही वाचवतात का, मला माहीत नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्या प्रकारच्या स्पोर्ट्स कारबद्दल, कारण ती आपल्या ओळखीच्या मुलांकडे असते.

ही गाडी सेकंड हँड असते. सात-आठ वर्षं जुनी ऑक्टाव्हिया आरएस, एखादी पोलो जीटीआय, क्वचित एखादी थकलेली बीएमडब्ल्यू. नवी असताना जी किंमत ऐकून आपण पुढच्या शोरूमकडे वळलो असतो, ती आता नव्या साध्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. मुलगा कारखान्यात सुपरवायझर झालेला असतो किंवा वडिलांचा धंदा असतो. तो हौसेने गाडी घेतो. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ते गाडी घेण्याच्या दिवसापर्यंतच. सहा महिन्यांनी टायर बदलायची वेळ येते आणि तेव्हा कळतं की गाडीची किंमत उतरली असली तरी टायरची किंमत उतरलेली नाही. सतरा-अठरा इंची रिम, रुंद टायर, बुटकी साइडवॉल. गाडी स्वस्तात मिळाली, पण तिचं खाणं-पिणं अजून राजेशाहीच आहे. यालाच आपण नाकापेक्षा मोती जड म्हणतो.

माझ्या मामाचं टायर आणि अलाइनमेंटचं छोटं दुकान आहे. सुट्टीत मी तिथे बिलं करायला बसते, म्हणून हे संवाद मला पाठ आहेत. गिऱ्हाईक आधी गाडीच्या इंजिनाबद्दल दहा मिनिटं बोलतं. किती पॉवर, शून्य ते शंभर किती सेकंदांत, रिमॅप केलं तर किती वाढेल. मग मामा विचारतो, “टायर कुठले दाखवू?” आणि त्याच आवाजात उत्तर येतं, “बजेटमधले बसवा ना भाई, टायर काय, काळेच असतात सगळे.” मामा वाद घालत नाही, दुकानदाराने घालायचाही नसतो. पण गाडी गेल्यावर म्हणतो, “अगं, दोनशे घोडे घेतले आणि नाल मात्र पत्र्याचे मारले.”

आता मुद्द्यावर येते. गाडी रस्त्याला जिथे टेकते ती जागा प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढी असते. इंजिनाची ताकद, ब्रेकची ताकद, स्टिअरिंग फिरवलेलं, एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, सगळं काही या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं. एबीएस पकड तयार करत नाही. आहे तेवढी पकड नीट वापरतं, एवढंच. टायरने हात वर केले की मोठ्या डिस्क आणि लाल रंगाचे कॅलिपर शोभेपुरते उरतात.

पकड थोडी कमी असली तर कितीसा फरक पडतो? इथे अकरावीचं फिजिक्स उपयोगी पडतं. समजा, ओल्या रस्त्यावर एका टायरची पकड दुसऱ्याच्या तीन चतुर्थांश आहे, म्हणजे एक चतुर्थांशच कमी. दोन सारख्या गाड्या ताशी १०० किलोमीटरने शेजारी शेजारी जातायत आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. चांगल्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीने आपली तीन चतुर्थांश ऊर्जाच संपवलेली असते, एक चतुर्थांश शिल्लक आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे चतुर्थांश ऊर्जा म्हणजे निम्मा वेग. म्हणजे पहिली गाडी उभी आहे आणि दुसरी त्याच जागेवरून ५० च्या वेगाने पुढे जातेय. सुरुवात ८० ने केली असती तर ४० ने. त्या जागी पुढे कुणी असेल तर पहिल्या गाडीत नुसती शिवीगाळ होईल आणि दुसऱ्या गाडीपुढे कुणाचा तरी पाय नाहीतर जीव जाईल. एक चतुर्थांश पकड म्हणजे एक चतुर्थांश धोका नव्हे, हे आकडेमोड केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

मग स्वस्त टायर स्वस्त का असतो? नुसतं ब्रँडचं नाव नाही म्हणून? काही अंशी तेही खरं आहे. पण टायर बनवताना तीन गोष्टींची ओढाताण चालते: रस्त्याला पकड, झिजायला लागणारा वेळ, आणि गाडी सहज गडगडावी म्हणजे पेट्रोल कमी लागावं. एक वाढवायला गेलं की बहुधा दुसरी कमी होते. तिन्ही एकदम वाढवायच्या तर रबराच्या मिश्रणावर खर्च करावा लागतो. पूर्वी रबरात मुख्यतः कार्बन ब्लॅक घालत, ज्याने टायर काळा होतो. १९९०च्या दशकापासून मोठ्या कंपन्यांनी सिलिका मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली आणि त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड आणि पेट्रोलची बचत या दोन्ही गोष्टी एकाच टायरात आणता आल्या. पण सिलिका रबरात नीट मिसळणं कटकटीचं आणि खर्चाचं काम आहे. स्वस्त टायर बनवणारा यातली कुठली बाजू सोडतो? झीज लवकर झाली तर गिऱ्हाईक भांडायला येतं. ॲव्हरेज कमी झाला तर पेट्रोल पंपावर कळतं. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र रोज मोजता येत नाही. ती कळते ती एकदाच, आणि तेव्हा तक्रार करायला कुणी दुकानात येत नाही. म्हणून बहुतेक वेळा तिथेच कात्री लागते. युरोपातल्या मोटार क्लबांच्या चाचण्यांमध्ये अगदी स्वस्त टायर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी टिकतात आणि ओल्या रस्त्यावर उघडे पडतात, हे वारंवार दिसलेलं आहे. आणि आमच्याकडे पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमच्या रस्त्यांना ‘ओला रस्ता’ हा अपवाद नाही, ऋतू आहे.

“पण आयएसआय मार्क आहे ना?” हा प्रश्न नेहमी येतो. आहे, आणि असलाच पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरांना तो सक्तीचा आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ओली पकड, गडगडण्याचा विरोध आणि आवाज यांचेही किमान निकष अधिसूचित केले. हे सगळं चांगलंच आहे. पण किमान निकष म्हणजे पस्तीस टक्के. पास झालेल्या सगळ्यांचे मार्क सारखे नसतात, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? युरोपात २०१२ पासून गाडीच्या टायरवर लेबल असतं, त्यात ओल्या पकडीचा दर्जा अक्षरात छापलेला असतो. आपल्याकडे काउंटरवर गिऱ्हाइकाच्या हातात असं प्रगतिपुस्तक येत नाही. त्यामुळे किंमत हाच एकमेव आकडा आपल्याला वाचता येतो आणि आपण तोच वाचतो.

खरं तर टायरच्या अंगावर बरंच काही लिहिलेलं असतं, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते वाचता न येणं बरं नाही! समजा, टायरवर २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू असं आहे. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के. १७ म्हणजे रिम सतरा इंची. ९१ हा वजनाचा कोड, एका टायरला ६१५ किलोपर्यंत. आणि शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटरपर्यंत. गाडीच्या कंपनीने डब्ल्यू सांगितलं असताना स्वस्त पडतो म्हणून त्याच मापाचा एच बसवला, तर मी २१०च्या वर जातच नाही हे म्हणणं पुरेसं नाही. ते अक्षर वेगाबरोबर टायर तापल्यावर किती तग धरेल हेही सांगतं. ताकदवान, जड गाडीखाली टायर जास्त तापतो. शिवाय आणखी एक चार अंकी आकडा असतो. ३२१९ असेल तर २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे टायरची जन्मतारीख. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या जन्मतारखेमुळेच ‘स्वस्त की महाग’ हा प्रश्न अर्धवट आहे, असं मला वाटतं. हॉलिवूडचा अभिनेता पॉल वॉकर तुम्हाला ‘फास्ट अँड फ्युरियस’मुळे माहीत असेल. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात तो मित्राच्या पोर्श कॅरेरा जीटीमध्ये बसला होता. गाडी झाडावर आणि खांबावर आदळली, दोघंही गेले. तपासात निष्पन्न झालं की ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांच्या दरम्यान, म्हणजे ताशी साधारण १३० ते १५० किलोमीटरने धावत होती. मुख्य कारण वेगच. पण त्याच अहवालात टायर नऊ वर्षं जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकतो, याचीही नोंद आहे. हे टायर स्वस्तातले नव्हते. गाडी जगातल्या सर्वांत नावाजलेल्या गाड्यांपैकी एक होती. रबर जुनं झालं की कडक होतं, मग नक्षी कितीही खोल दिसो. म्हणून नवा, योग्य दर्जाचा मध्यम किमतीचा टायर हा कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेल्या नामांकित टायरपेक्षा केव्हाही बरा.

हा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू पडतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आणले, आयातीला परवाना लागू लागला. स्वस्त परदेशी टायरांची लाट त्यामुळे ओसरली आणि देशी कारखान्यांना बळ मिळालं. पण त्याच वेळी विचित्र मापाचे, मोठ्या रिमचे टायर मिळणंही अवघड झालं. जिथे नवा माल मिळत नाही किंवा परवडत नाही, तिथे वापरलेला माल येतो. कुठल्या तरी अपघातातल्या गाडीतून काढलेले ‘ऐंशी टक्के’ टायर. हे ऐंशी टक्के कुणी मोजले, विचारू नका. वरून काळं पॉलिश, आतून भेगा. वरून कीर्तन, आतून तमाशा. मामा असे टायर ठेवत नाही, पण गिऱ्हाईक पुढच्या नाक्यावरून ते घेऊन त्याच्याकडेच बॅलन्सिंगला येतं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मांडते, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. पहिलं म्हणणं: आमच्या रस्त्यांवर खड्डे एवढे की महाग टायर महिन्याभरात कापला जातो, मग एवढे पैसे का घालायचे? खरं आहे. बुटक्या साइडवॉलचा टायर खड्ड्यात रिमवर चेपला जातो आणि बाजूला फुगा येतो. पण याचं उत्तर स्वस्त टायर नाही, लहान रिम आहे. अठरा इंचीऐवजी त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला कंपनी सतरा किंवा सोळा इंची देत असेल आणि ब्रेक त्यात बसत असतील, तर ती रिम घ्यावी. टायर उंच होतो, खड्डा सोसतो आणि त्याच पैशांत एक पायरी वरच्या दर्जाचा मिळतो. फक्त गाडी थोडी कमी ‘कडक’ दिसते. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

दुसरं म्हणणं: आम्ही कुठे रेस लावतो, साठ-सत्तरनेच तर चालवतो. मग मी विचारते, साठ-सत्तरने चालवायची तर ही गाडी कशाला? आणि प्रामाणिकपणे कुणी खरोखरच शांतपणे चालवत असेल, तर योग्य मापाचे, योग्य वजन आणि वेगाच्या कोडचे, ताजे, आयएसआयवाले साधे टायर त्याने बसवले तर मी भांडणार नाही. पण त्याने स्वतःशी एक करार केला पाहिजे की आता ही गाडी स्पोर्ट्स कार राहिलेली नाही. अडचण अशी की टायर बदलल्यावर ॲक्सलरेटर बदलत नाही. पायाखाली दोनशे घोडे तसेच असतात आणि मागच्या सीटवरचे मित्रही तेच.

तिसरं म्हणणं: महाग म्हणजे चांगला असं थोडंच आहे? बरोबर, नाही. ट्रॅकवर पळवण्यासाठी बनवलेले कमी नक्षीचे टायर भयंकर महाग असतात आणि मुसळधार पावसात ते साध्या टायरपेक्षाही वाईट वागू शकतात, कारण पाणी बाहेर फेकायला त्यांना पुरेशा खाचा नसतात. मी सर्वांत महाग टायर घ्या म्हणतच नाही. मी म्हणते, पाऊस पाहून घ्या.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. टायर फुटला की आपल्याकडे सगळे हळहळतात आणि म्हणतात, काय करणार, नशीब. देवाची करणी आणि नारळात पाणी. हे ‘देवाची करणी’ प्रकरण प्रत्यक्ष कोर्टात गेलेलं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला येणाऱ्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि घरातला एकुलता एक कमावता माणूस गेला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. म्हणणं असं की टायर फुटणं ही ईश्वरी घटना आहे, त्यात कुणाची निष्काळजी नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. न्यायालयाने म्हटलं त्याचा आशय असा: जास्त वेग, हवा कमी किंवा जास्त असणं, वापरलेले टायर, तापमान अशी कारणं टायर फुटण्यामागे असतात. निघण्याआधी टायर तपासणं हे चालकाचं आणि मालकाचं काम आहे. ही निसर्गाची करणी नव्हे, माणसाची हयगय आहे.

त्याच वर्षी समृद्धी महामार्गाच्या प्रवेशाजवळ परिवहन खात्याने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. कायद्यानुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकीला ०.८. आणि त्याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ प्रवासी गेले, तेव्हाही पहिल्यांदा ‘टायर फुटला’ हेच सांगितलं गेलं. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणजे बिचाऱ्या टायरवर आपण दोन्हीकडून अन्याय करतो. विकत घेताना त्याला काडीची किंमत देत नाही आणि अपघात झाला की सगळं खापर त्याच्यावर फोडतो.

आमच्या सिल्वासात रात्री कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, तेव्हा मसाट, राखोली, नरोली या भागातल्या रस्त्यांच्या कडेने माणसांची रांग चालत असते. बिहार-ओडिशातून आलेले कामगार सायकलवर, आसपासच्या पाड्यांवरच्या वारली, कोकणा बायका पायी, कुणी शेअर रिक्षाची वाट पाहत उभं. पावसात डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. त्यांच्यापैकी कुणीही स्पोर्ट्स कारचा टायर निवडलेला नाही. तो निवडलाय गाडीतल्या मुलाने. गाडीत त्याला एअरबॅग आहे, बेल्ट आहे, पत्र्याचा पिंजरा आहे. बाहेरच्या माणसाकडे त्या टायरची पकड सोडून काहीही नाही. स्वस्त टायरचा हिशेब करताना आपण हे खातंच उघडत नाही. बचत एकाच्या खिशात जाते आणि जोखीम दुसऱ्याच्या अंगावर. माझा खरा आक्षेप इथे आहे. स्वतःच्या हौसेसाठी स्वतः धोका पत्करणाऱ्याला मी एक वेळ समजून घेईन. दुसऱ्याच्या जिवावर काटकसर मला पटत नाही.

आणि काटकसर तरी केवढी? समजा, चांगल्या आणि अगदी स्वस्त टायरमध्ये नगामागे चार हजारांचा फरक आहे. चारचे सोळा हजार. टायर ४० हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरमागे ४० पैसे. मऊ रबर लवकर झिजतं म्हणून २५ हजारच धरले, तरी ६४ पैसे. ज्या गाडीला किलोमीटरमागे आठ-दहा रुपयांचं पेट्रोल लागतं, तिच्या मालकाने चौसष्ट पैशांसाठी ब्रेक लांबवावा, हे मला शहाणपण वाटत नाही.

मग करायचं काय? गाडी घेण्याआधी तिच्या मापाचे चार चांगले टायर किती रुपयांना पडतात ते विचारून घ्या आणि तो आकडा गाडीच्या किमतीत धरा. तेवढे जमत नसतील तर एक पायरी लहान गाडी घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या आजीला माहीत होतं. गाडी आधीच घेतली असेल तर लहान रिमचा विचार करा, चारही टायर एकाच प्रकारचे ठेवा, दोनच बदलायचे असतील तर नवे मागच्या चाकांना लावा, म्हणजे पावसात मागची बाजू घसरणार नाही. जन्मतारीख वाचा, कोड वाचा. महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा तपासा, याला तर पैसेही लागत नाहीत. आणि ज्यांच्याकडे कार नाही, पण आर वन फाइव्ह किंवा ड्यूक आहे, त्यांनी हा लेख दुसऱ्यांसाठी आहे असं समजू नये. तुमच्याकडे तर तळहात दोनच आहेत, तेही लहान मुलाचे.

चौथ्या सेमिस्टरला असलेल्या आमच्या गावच्या एका मित्राला हे सगळं मी ऐकवलं. तो म्हणाला, “तू मजा घालवतेस.” मला तसं वाटत नाही. खानवेलच्या पुढे दुधनीकडे जाणारा रस्ता, पहिला पाऊस पडून गेलेला, हिरवे डोंगर आणि वळणामागे वळण, हे मलाही आवडतं. वळण नीट घेणारी गाडी ही सुंदर गोष्ट आहे, त्यात मला काडीची शंका नाही. पण वळण इंजिन घेत नाही, टायर घेतो. मजा हवी असेल तर ती जिथून येते तिथे आधी पैसे घाला, साउंड सिस्टीम आणि स्पॉयलर नंतर बघू.

तुम्हाला हे पटलं नसेल, तर पुढच्या अंकासाठी उलट बाजू जरूर लिहा. मी मनापासून वाचेन. फक्त लिहायला बसण्याआधी खाली पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीच्या टायरवरचा तो चार अंकी आकडा एकदा वाचून या.